विषाणूंची आत्या

आमच्या मॅडमना कुणी "कशा आहात?" असं विचारलं की त्या "पोट बरं हाय" असं उत्तर द्यायच्या. समोर नवा डॉक्टर असो, मोठा साहेब असो की लग्नात भेटलेली विहीणबाई असो, उत्तर तेच. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्या लगेच "तुमचं कसं हाय?" असंही विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या. समोरचा "मजेत" म्हणून सटकायला बघायचा. मॅडम त्याला सोडायच्या नाहीत. "मजेत म्हन्जे कसं? सकाळी साफ होते ना?" माझ्या देखत एका गृहस्थांनी हातातलं जिलबीचं ताट तसंच खाली ठेवलं होतं.

त्यांचा तरी काय दोष? अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला लागलो, तिथल्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या, आणि आमचं कामच ते होतं. लहान मूल जुलाबानं भरती झालं की त्याच्या आईची परवानगी घ्यायची, मुलाच्या शीचा नमुना डबीत घ्यायचा, आणि कोणत्या विषाणूनं हा उपद्व्याप केला ते शोधायचं. कोणता विषाणू थंडीत वाढतो, कोणता पावसाळ्यात, कोणता नवीनच उगवलाय, यावर पाळत ठेवायची. चोरांवर ठेवतात तशीच. फरक इतकाच की आमचे चोर डबीत सापडायचे.

माझी मुलाखत त्यांनी बेसिनपाशी घेतली. प्रमाणपत्रांची फाइल मी उघडून धरली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पर्समधून स्वतःची साबणाची डबी काढली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "हात धू." मला वाटलं, नंतर काही विचारतील. मी आपले चारचौघांसारखे हात धुतले. "दाखव," त्या म्हणाल्या. मी ओले हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "आंगठा राह्यला, बावा. सगळ्याइचा आंगठाच राह्यते." मग त्यांनी अंगठा मुठीत धरून कसा फिरवायचा ते करून दाखवलं, नळ कोपरानं बंद केला आणि सांगितलं, "सोमवारपासून ये."

मॅडम अकोल्याच्या. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे बरीच वर्षं राहिल्या होत्या, पण भाषा सोडली नाही. परिषदेत इंग्रजी अस्खलित बोलायच्या आणि चहाच्या सुट्टीत बाहेर आल्या की "काहून रे, च्या थंडा काहून?" असं वाढप्याला झापायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माहा संसार फ्रीजमधे हाय." आमचा नमुन्यांचा फ्रीज खरोखरच संसारासारखा गच्च भरलेला असायचा, आणि वीज गेली की मॅडम त्याच्या दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या, कुणी चुकून उघडू नये म्हणून.

बाहेरचं खाण्याचं त्यांना वेड होतं आणि बाहेरच्या खाण्याची भीतीही होती. गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, म्हटलं की जीव टाकायच्या. पण आधी वडेवाल्याला हात पुढे करायला लावायच्या आणि त्याची नखं तपासायच्या, मगच प्लेट मागायच्या. पहिल्यांदा तो चिडला. नंतर नंतर लांबून त्यांची स्कुटी दिसली की हातातला झारा ठेवून बिचारा हात धुवायला पळायचा. गिऱ्हाईक खोळंबायचं. मागे बसून गेलेल्या मला लाजेनं मान वर करता यायची नाही.

विषाणूंची शास्त्रीय नावं त्या आमच्यापुरती वापरायच्या. आयांसाठी त्यांनी स्वतःची नावं तयार केली होती. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू चाकासारखा दिसतो, त्याचं नाव 'चाकवाला'. मुलांना सगळ्यात जास्त छळणारा तोच. दुसरा चांदणीसारखा दिसतो, तो 'चांदणीवाला'. तिसऱ्याला पंगती फार आवडतात, तो 'लग्नघरातला'. निकाल आला की त्या स्वतः वॉर्डात जायच्या, आई कुठे आहे ते बघायच्या, सासू किंवा नवरा जवळ आल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत, आणि मग सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात सांगायच्या, "तुमच्या लेकराले चाकवाला झाला. कोनाच्या खाण्यापिन्यानं नाई झाला, दातानं नाई झाला, नजरेनं नाई झाला. चाकवाल्यानं झाला." बारशाला आत्या नाव ठेवते तसा सगळा थाट. वॉर्डातल्या सिस्टर त्यांना मागून 'विषाणूंची आत्या' म्हणायच्या. मॅडमना ते कळलं तेव्हा आम्ही घाबरलो. त्या म्हणाल्या, "मंग पेढे कोन देनार?"

'दात येऊन राहिले' या वाक्याशी तर त्यांचं उघड वैर होतं. वऱ्हाडात मुलाला ढाळ लागले की पहिला संशय दातांवर, दुसरा नजरेवर आणि तिसरा आईवर. आईनं काय खाल्लं, कधी खाल्लं, कुणाला न विचारता खाल्लं. मूल सलाइनवर पडलेलं असायचं आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून घरातलं कुणीतरी आईला घालूनपाडून बोलत असायचं. आई खाली मान घालून मुलाचा पाय धरून बसलेली असायची. मी ते रोज पाहायचो. माझ्याआधी कितीतरी वर्षं मॅडमनी ते पाहिलं होतं.

मुलांच्या वॉर्डातले एक डॉक्टर त्यांना नेहमी डिवचायचे. "मॅडम, नाव कळून उपचार बदलतो का? मीठ-साखरेचं पाणी, झिंकची गोळी, लागलं तर सलाइन. मग एवढा आटापिटा कशाला?"

"लेकराचा उपचार बदलत नाई, डॉक्टर," मॅडम म्हणायच्या. "मायचा बदलते."

माझ्या लग्नाची गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण ते त्यांच्यामुळे जमलं आणि त्यांच्यामुळेच मोडता मोडता वाचलं. माझे वडील नव्हते. चांदूर रेल्वेला मुलगी पाहायला जायचं तर आईसोबत कुणी मोठं माणूस हवं. "मी येते," मॅडम म्हणाल्या. मी आईला आणि मध्यस्थाला पढवून ठेवलं होतं की नोकरी 'मोठ्या दवाखान्यात, मशीनवर' आहे असं सांगायचं. पोहे आले, पाणी आलं, मुलगी आली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो म्हणाले?" मी तोंड उघडायच्या आत मॅडम सुरू झाल्या. "लेकराइची शी तपासते हा. फार चांगली तपासते." आणि पुढचा सगळा वेळ नमुना कसा घ्यायचा, लंगोटातून घेतला तर का चालत नाही, पाण्यासारखा असला तर काय करायचं, हे सगळं पोह्यांच्या साक्षीनं सांगून झालं. माझी आई पदराआड. मुलीचे वडील बशीकडे बघत बसले होते.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "मग तुम्ही ज्या लेकराची तपासता, त्याच्या घरी सांगता का नंतर?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पोट्टी पसंत हाय," त्या म्हणाल्या. माझी पसंती कुणी विचारली नाही. गरजही नव्हती. अजूनही घरात माझ्याविरुद्ध कसलाही निकाल लागायचा असला की बायको मॅडमचीच साक्ष काढते.

एक गोष्ट मात्र सांगतो. मॅडम खोटं बोलत नसत. थोडंसं, समोरच्याच्या भल्यासाठी, कुणाचं काही बिघडत नाही असंसुद्धा नाही. हे मला ज्योतीच्या वेळी कळलं.

ज्योती चांदूर रेल्वेकडच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरची सून. मुलगा सात-आठ महिन्यांचा असेल. आणला तेव्हा डोळे खोल गेले होते आणि रडायलाही पाणी उरलं नव्हतं. दोन दिवसांत सलाइननं सुधारला, पण सासूचं तोंड थांबेना. "वांगं खाल्लं हिनं. मना केल्तं, तरी खाल्लं. लेकराले पाजते अन् वांगं खाते! बरं झालं का हिले माहेरी धाडून देतो. लेकरू आमी पाहू." आणि म्हातारी नुसतं बोलत नव्हती. ज्योतीच्या भावाला फोन गेला होता. तो येऊन तिला नेणार होता, तिला एकटीलाच.

मॅडमनी म्हातारीला बाजूला घेतलं. "माय, नाव येऊ द्या. नाव आल्याबिगर हिले कुठी धाडू नोका." म्हातारी कुरकुरली, पण एवढी मोठी डॉक्टरीण हात धरून बोलते म्हटल्यावर कबूल झाली.

मी तपासणी लावली. बारीक बारीक खळ्यांची प्लास्टिकची पट्टी असते. ज्या खळीतल्या नमुन्यात चाकवाला असेल तिथं शेवटी पिवळा रंग चढतो. त्या दिवशी आजूबाजूच्या खळ्या पिवळ्या झाल्या. ज्योतीच्या मुलाची पाण्यासारखी स्वच्छ राहिली. मी पट्टी घेऊन मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, "मॅडम, चाकवालाच सांगून टाकू या ना. कोण बघतंय? ती पोरगी तरी वाचेल."

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. आवाज चढला नाही, पण मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आज हिच्यासाठी आपन खोटं नाव सांगतो. उद्या खऱ्या नावाले कोन पुसन, बावा? मंग आपलं नाव अन् त्याइचं वांगं सारखंच झालं ना?"

नमुन्याचा उरलेला भाग दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथं मॅडमनी फोन करकरून लोकांना इतकं हैराण केलं की पलीकडचा माणूस आवाज ओळखून "अजून नाही हो, मॅडम" असं म्हणूनच फोन उचलायचा. मूल बरं होऊन घरी गेलं. जाताना ज्योतीनं मला फक्त एवढंच विचारलं, "सापडन ना, दादा?" मी हो म्हणालो, पण माझी खात्री नव्हती. शेवटी एका दुपारी निकाल आला. मॅडम खुर्चीतून उठल्या त्या थेट स्कुटीकडे. मी धावत जाऊन मागे बसलो.

गावात पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात तुरी पाखडत होती. ज्योती दारात आली, तिच्या कडेवर मूल. दोन शेजारणीही आल्या. मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "चांदणीवाला निंघाला. लहान लेकराइच्या पोटात जाते थो. तुमच्या वांग्यात नोहता."

ज्योती मटकन उंबऱ्यावर बसली. म्हातारीचं सूप हातातच राहिलं. मला वाटलं, आता ही भांडणार. ती म्हणाली, "मंग माहा पयला?"

"कोनता, माय?"

"माहा पयला. ह्याच्या बापाच्या आंधीचा. असाच ढाळ लागून गेला. माह्या सासूनं म्हटलं, म्या चिचा खाल्ल्या म्हनून गेला. मरेपर्यंत म्हनत होती." म्हातारी मॅडमकडे पाहत होती. "त्याले कोनता होता, बाई? चाकवाला का चांदणीवाला?"

एका शब्दाचं काम होतं. कोणतंही नाव घेतलं असतं तरी त्या बाईच्या छातीवरचा चाळीसेक वर्षांचा दगड उतरला असता. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या, तुरीच्या फोलपटातच.

"थे मले सांगता येत नाई, माय," त्या म्हणाल्या. "नमुना नाई ना. पन चिचा नोहत्या. एवढं पक्कं सांगते. चिचानं लेकरू जात नाई."

म्हातारी रडली. मोठ्यानं नाही. सूप बाजूला ठेवून पदर तोंडाला लावून बसली. मॅडम तिचा हात धरून बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हातारी आत बघून म्हणाली, "ज्योते, बाईले च्या ठेव." आणि आम्ही निघताना तिनं मॅडमच्या स्कुटीला पिशवी अडकवली. रस्त्यात उघडून पाहिली तर ताजी काटेरी वांगी होती. मॅडम स्कुटी थांबवून एकट्याच हसत राहिल्या. मीही हसलो आणि मग मला रडू आलं, ते मी ऊन लागलं म्हणून खपवलं.

पुढे चाकवाल्याची लस आली. सरकारी दवाखान्यांत इतर लसींबरोबर तीही मुलांना पाजायला लागले. थंडीच्या दिवसांत आमच्या पट्ट्या पिवळ्याजर्द व्हायच्या, त्या हळूहळू कोऱ्या दिसायला लागल्या. एके दिवशी अख्खी पट्टी स्वच्छ निघाली. काही चुकलं का म्हणून मॅडमनी मला ती पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा तेच. तेव्हा त्या पट्टी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहत उभ्या होत्या. मग गिला वडा मागवला, सगळ्यांना, आणि वडेवाल्याची नखं पाहायचं विसरल्या. मी त्यांना इतकं आनंदात फार कमी वेळा पाहिलं.

निवृत्त झाल्यावर त्या अकोल्याला परत गेल्या. तिथं एका इमारतीत फ्लॅट होता. मी सुट्टीच्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडून जायचो. दार उघडायच्या आधी आतून आवाज यायचा, "बेसिन डाव्या हाताले हाय." वंदना नावाची एक बाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. त्याच इमारतीत आणखी काही घरांत ती पोळ्या करायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. तिची लेक तान्ही होती. मुलीला नाव ठेवायला आत्या नव्हती, म्हणून मॅडम आत्या झाल्या आणि नाव ठेवलं तारा. वंदना ओट्याशी असेपर्यंत तारा मॅडमच्या मांडीवर. विषाणूंना नावं ठेवून ठेवून थकलेल्या त्या आत्याला शेवटी एक खरंखुरं लेकरू मिळालं, याचा मला फार आनंद वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "नमुना हाय, बावा. घेऊन जा."

"कुणाचा, मॅडम?"

"माहाच."

गेलो तर त्या एका खाजगी दवाखान्यात, हाताला सलाइन. पुण्याहून त्यांचा भाचा आला होता. भला माणूस, आत्यावर जीव असलेला, पण घाबरलेला. आणि घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतंच. "त्या बाईच्या हातचं खाऊन झालंय हे," तो मला म्हणाला. "तिला मी काढून टाकलंय. खाली इमारतीतही सांगितलं." म्हणजे बाकीच्या घरांची दारंही वंदनाला बंद होत आली होती. दोन घरांनी तिला 'सध्या येऊ नको' म्हणून कळवलंसुद्धा. मॅडमनी मला जवळ बोलावलं. ओठ सुकले होते, पण डोळे तेच. "नाव शोध," त्या म्हणाल्या. "थ्या पोरीवर आळ हाय."

मी नमुना बर्फाच्या पेटीत घालून अमरावतीला आणला आणि तपासणी लावली. खळी पिवळी झाली. असा जर्द पिवळा रंग मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला परत गेलो, तर दवाखान्याच्या व्हरांड्यात वंदना डबा मांडीवर घेऊन बसली होती. भाचा तिला आत येऊ देत नव्हता. मला पाहून उठली. "दादा, माह्या सैपाकातलंच निंघालं का?"

"नाही," मी म्हणालो. "स्वयंपाकातलं नाही. लहान मुलांचा विषाणू आहे."

तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच उतरला. "मागच्या हप्त्यात ताराले बी हगवण लागली होती थोडीशी. मले वाटलं, दात येऊन राह्यले."

काय झालं असेल ते मला कळलं. लस घेतलेली असल्यामुळे ताराचं थोडक्यात निभावलं होतं, आणि तिच्या आत्यापर्यंत तो मांडीवरूनच पोचला होता. आजवर नावानं बाईवरचा आळ उतरायचा. या वेळी तेच नाव वंदनाच्या लेकीकडे बोट दाखवणार होतं. मी आत गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला एक नाव गिळून टाकावंसं वाटत होतं.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

भाचा शेजारी उभा होता. पण मॅडमनीच मला वाढवलं होतं, त्यामुळे इलाज नव्हता. "चाकवाला," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. शाळेतली मैत्रीण भेटावी तशा हसल्या. "अरे! म्हातारपनी भेटाले आला मले!"

भाचा हुशार होता. "हा लहान मुलांचा ना? आत्या, तुझ्या घरात लहान मूल एकच येतं. तिची मुलगी! बघ, मी म्हणत होतो ना, त्याच बाईमुळे..."

"तिच्यामुळं नाई," मॅडम म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "पोरीची लंगोट म्या बदलली. वंदना मना करत होती, तरी बदलली. अन् हात धुतले नाई बराबर. आंगठा राह्यला."

भाच्याचा राग डोळ्यांदेखत उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. तो पलंगावर बसला, त्यांचा हात हातात घेतला. "आत्या, तू हात धुवायला विसरलीस? तू? मग तर आता एकटं राहायचं नाही. पुण्याला चल."

अकोला सोडायचं नाव काढलं की एरवी भांडायला उठणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चालते. पन आंधी इमारतीत जाऊन सांग. ज्याइले ज्याइले तू बोलला, त्या सगळ्याइले सांग. वंदनाले सामने उभी कर अन् सांग, का हिच्या हातात काही नोहतं, म्हातारीच विसरली."

तो गेला आणि त्यानं सांगितलंही, प्रत्येक दारात, वंदनाला सोबत घेऊन. मी म्हटलं ना, भला माणूस होता. वंदनाची सगळी घरं तिला परत मिळाली.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. चाकवाला साबणाला फारसा जुमानत नाही, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलं होतं. हात कितीही चोळून धुतले तरी कधी कधी तो उरतो. म्हणजे खरं पाहता दोष कुणाचाच नव्हता. पण 'कुणाचाच नाही' हे उत्तर घरच्या माणसांना पुरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांना दोषी म्हणून कुणीतरी द्यावंच लागतं. त्यांनी स्वतःला दिलं. हे सगळं मी परतीच्या गाडीत जुळवत होतो, आणि तरी मनात एक शंका होतीच. खरंच विसरल्या असतील तर? वय झालं होतं. माणूस विसरतो.

पुण्याला निघायच्या दिवशी मी सामान बांधायला गेलो. नमुन्यांचा संसार मागेच सुटला होता, आता भांड्यांचाही सुटला. भाचा खाली गाडीपाशी होता. मॅडमनी ताराचा पापा घेतला, तिला वंदनाच्या कडेवर दिलं आणि त्या बेसिनपाशी गेल्या. मी दारात उभा होतो. त्यांनी साबणाची तीच जुनी डबी उघडली. तळवे झाले, पंजांची पाठ झाली, बोटांच्या बेचक्या झाल्या, नखं झाली. मग डावा अंगठा मुठीत धरून फिरवला, सावकाश. मग उजवा. मग पुन्हा डावा. कोपरानं नळ बंद केला.

आरशात त्यांना मी दिसलो. त्या वळल्या, आणि मुलाखतीच्या दिवशी मी केले होते तसे दोन्ही ओले हात त्यांनी माझ्यापुढे धरले.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "राह्यलं का काही?"

मी ते हात उलटे पाहिले, सुलटे पाहिले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "काहीच राहिलं नाही."